पोरगं अडलंय कुठं? शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाचं काम समजून घेताना

सोमवार उजाडला की तिचं पोट दुखायचं. आठवीतली मुलगी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बसने हायस्कूलला येणारी. सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत पहिल्या तिघांत असायची. जूनमध्ये आमच्याकडे आली आणि ऑगस्ट संपेपर्यंत हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागली. आईने दवाखाने केले, जंतांचं औषध दिलं, सोनोग्राफी करून आणली, शेवटी मीठ-मोहरीने नजरही उतरवली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग घरात सुरू झालं, "शाळा नको म्हणून सोंग करतंय." स्टाफरूममध्ये सुरू झालं, "हायस्कूलचा अभ्यास झेपत नाही." मी तिची वर्गशिक्षिका. मीसुद्धा तसंच धरून चालले होते.

त्या वर्षी बेळगावहून एक मानसशास्त्रज्ञ मॅडम महिन्यातून दोनदा शाळेत यायच्या. मुलीला त्यांच्याकडे पाठवायचं म्हटल्यावर आई घाबरली. "बाई, पोरीच्या डोक्यात काय बिघाड हाय काय?" असं तिनं मला दोनदा विचारलं. तोच प्रश्न पुढे कितीतरी आयांनी विचारला, म्हणून आज हे सविस्तर लिहायला घेतलं.

मॅडमनी टेबलावर खडूने एक लांब रेघ ओढली. "ही तुझी सोमवारची सकाळ. इथं तू उठलीस, इथं बस, इथं शाळेचं गेट, ही प्रार्थना, हा पहिला तास, हा दुसरा." मग ओंजळभर चिंचोके पुढे ठेवले. "जिथं पोट जास्त दुखतं तिथं जास्त ठेव." मुलीने बसवर एक ठेवला, प्रार्थनेवर दोन. उरलेले सगळे पहिल्या तासावर ओतले.

"पहिला तास कशाचा?"

"कन्नड."

"कन्नड तर रोजच असतं की. मग रोज दुखतं?"

"नाही. सोमवारी आणि गुरुवारी. त्या दिवशी उभं राहून मोठ्यानं वाचायचं असतं."

जूनमध्ये एकदा वाचताना तिचा एक शब्द चुकला होता आणि मागचे बाक हसले होते. मी हजेरीपट आणून पाहिला. फुल्या बहुतेक सोमवारी आणि गुरुवारी होत्या. तीन महिने तो पट मीच भरत होते, पण वार बघायचं मला सुचलं नव्हतं.

पोट खरंच दुखत होतं का?

हो, खरंच. हे घरच्यांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. माणूस घाबरला की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात उतरतात, छाती धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, आतड्यांची हालचाल बदलते. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंचं दाट जाळं आहे, त्यामुळे मनावरचा ताण पोटाला लगेच कळतो. आपल्या बोलण्यात हे सगळं आधीपासूनच आहे: पोटात गोळा येणं, तोंडाला कोरड पडणं, हातपाय गळणं. सोनोग्राफीत यातलं काही दिसत नाही, कारण अवयव धडधाकट असतात. म्हणून ते दुखणं खोटं ठरत नाही.

पुढची गंमत अशी की घरी राहिलं की दहा वाजेपर्यंत पोट थांबतं. आईला वाटतं, बघा, सोंगच होतं. खरं तर भीतीचं कारण टळल्यामुळे शरीर शांत झालेलं असतं. आणि मेंदू त्यातून एक धडा शिकतो: घरी राहिलं की सुटका होते. पुढच्या सोमवारी भीती आणखी लवकर आणि आणखी मोठी येते. म्हणूनच आठवडाभर घरी ठेवून भागत नाही, आणि हाताला धरून ओढत आणूनही भागत नाही. भीतीला लहान लहान घासांत तोंड द्यावं लागतं, प्रत्येक घास पचल्यावरच पुढचा.

मॅडमनी तेच आखलं. पहिले दोन आठवडे मधल्या सुट्टीत फक्त कन्नडच्या सरांसमोर वाचायचं. मग एका मैत्रिणीला सोबत घेऊन. मग वर्गात, पण बाकावर बसून, तीनच ओळी, आणि त्या कुठल्या हे आदल्या दिवशी कळलेलं. शाळेला मात्र सोमवारीही यायचं. फार झालं तर पाच मिनिटं बाहेर जाऊन पाणी पिऊन परत. वर्गाला नियम घालून दिला की वाचणाऱ्याचं चुकलं तर हसायचं नाही, शेजारच्याने हळू आवाजात शब्द सांगायचा. दसऱ्याच्या सुट्टीनंतर ती उभी राहून वाचायला लागली.

आपल्या भागात कुणाला वाटेल की हा कन्नड-मराठीचा प्रश्न आहे. तिच्या बाबतीत तो नव्हता. बाजारात, बसमध्ये ती मैत्रिणीशी कन्नड बोलायची. भीती हसण्याची होती. आणि तिला त्यातून बाहेर काढलं ते आमच्या कन्नडच्या सरांनीच, रोज आपल्या जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं देऊन.

या सगळ्यात गोळी नव्हती, कुठलं लेबल नव्हतं. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाचा पहिला प्रश्न "या पोराला झालंय काय" असा नसतो, "हे अडलंय कुठं" असा असतो. अडण्याची जागा मुलाच्या आत असेल, वर्गात असेल, घरात असेल, भाषेत असेल, कधी नुसती डोळ्यांत किंवा कानांत असेल. ती सापडेपर्यंत निदान करायचं नाही, हा या कामाचा कणा आहे.

तो आजचा नाही. 1896 साली अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे एक शिक्षिका आपला विद्यार्थी घेऊन गेली. पोरगं एरवी हुशार, पण शब्दांचं स्पेलिंग काही केल्या जमेना. विटमरने तपासलं तेव्हा त्याच्या नजरेतही दोष निघाला. या प्रकारच्या दवाखान्याची सुरुवातच तिथून झाली. आपल्याकडे अंगणवाडीपासून शाळेपर्यंतच्या मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून येतात. त्यांनी लिहून दिलेली चष्म्याची किंवा कानाच्या तपासणीची चिठ्ठी दप्तरात तशीच पडून राहते आणि फळ्यावरचं न दिसणारं पोरगं "लक्ष देत नाही" म्हणून मागच्या बाकावर जातं. चांगला मानसशास्त्रज्ञ आधी ती चिठ्ठी मागतो. नंतर झोपेचं विचारतो. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात घरातच माग असला तर रात्री उशिरापर्यंत खडखडाट चालतो. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या आईला मदत करून मुली उशिरा झोपतात. वर्गात पेंगणाऱ्या अशा मुलाला नैराश्य आलंय म्हणण्याआधी त्याची रात्र कशी जाते ते कळायला हवं.

भाषेची गाठ

सीमाभागात हे काम अवघड होतं ते इथं, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

आपलं पोर घरी मराठी बोलतं, शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी शिकतं, खानापूरच्या गोव्याकडच्या पट्ट्यात कुणाच्या घरी कोकणी असते, आणि दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत येतं. अशा मुलाला कुठल्याही एका भाषेतली चाचणी देऊन त्याची बुद्धी मोजायला गेलं तर मोजलं काय जातं? पुष्कळदा बुद्धीऐवजी त्या भाषेची सवयच मोजली जाते. मानसशास्त्रीय चाचणीत "या वयाच्या मुलाला इतकं यावं" असा एक मापदंड असतो, आणि तो ज्या मुलांवरून काढला त्या मुलांची भाषा आणि राहणी त्याच्यात मुरलेली असते. जाणकार माणूस म्हणूनच चित्रांच्या, ठोकळ्यांच्या, कमी बोलाव्या लागणाऱ्या चाचण्याही घेतो आणि नुसत्या एका आकड्यावर विसंबत नाही.

वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, ओळखतानाही हीच गाठ लागते. त्यासाठी एक साधी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवी भाषा शिकणारं मूल नव्या भाषेत अडखळतं, पण मायबोलीत सराईत वाचतं. खरी वाचन-अक्षमता असेल तर मूल मायबोलीतही अडखळतं: मराठीत काना-मात्रा गाळतं, जोडाक्षरापाशी थांबतं, ओळ सोडून पुढे जातं, आणि तोंडी उत्तर मात्र खणखणीत देतं. त्यामुळे ज्याची आई त्याच्याशी मराठीत बोलते त्या मुलाला मराठीत वाचायला लावल्याशिवाय त्याला डिस्लेक्सिया आहे किंवा नाही हे कुणी ठरवू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता मान्य झालेली आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण त्यासाठी धावपळ दहावीच्या जानेवारीत करून जमत नाही, आठवी-नववीतच सुरुवात करावी लागते.

आणि मनातलं बोलणं? पुस्तकातला प्रश्न असतो, "तुला उदास वाटतं का?" आपलं पोर त्याला "नाही" म्हणतं, कारण तो शब्द त्याचा नसतो. ते म्हणतं, कसंतरी होतंय. करमंना. मन लागंना. डोकं धरलंय. कधी म्हणतं, जीव नको झालाय. हे शेवटचं वाक्य इथल्या बायका उन्हातून पाण्याची घागर आणून टेकवतानाही म्हणतात, आणि कधी कधी ते अक्षरशः खरं असतं. कुठल्या वेळी कुठला अर्थ, हे कळायला त्या बोलीत वावरलेला कान लागतो, आणि शंका आली तर लगेच पुढचा प्रश्न विचारायचं धाडस. आपल्याकडच्या मुली "मी येतो, मी जातो" म्हणतात. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी ती व्याकरणाची चूक म्हणून भर वर्गात सुधारली होती. त्यानंतर तो तास संपेपर्यंत एकाही मुलीने तोंड उघडलं नाही. मानसशास्त्रज्ञाकडून हे घडलं तर त्या पोरीचं बोलणं तिथंच संपतं.

कुणाला काय म्हणायचं

नावांचा घोळ फार आहे. समुपदेशक ऐकून घेतो, बोलून मार्ग काढायला मदत करतो. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकलेला असतो. त्यातला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ रीतसर चाचण्या आणि उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. विशेष शिक्षक शिकवण्याची पद्धत बदलून देतो. शहरात "समुपदेशन केंद्र" अशा पाट्या खूप दिसतात. आत जाण्याआधी शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. दाताच्या डॉक्टरला विचारतो तसंच आहे हे.

शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाकडे फक्त "बिघडलेली" मुलं पाठवायची, हा समज मात्र काम बुडवतो. त्याचं बरंचसं काम अख्ख्या वर्गासाठी असतं: राग आला की काय करायचं, चिडवणाऱ्याला कसं थांबवायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री झोप का मोडू नये. त्यानंतर थोडी मुलं, ज्यांना सहा-आठ भेटी पुरतात. आणि अगदी मोजकी, ज्यांना दवाखान्यापर्यंत न्यावं लागतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयातल्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं होतं. चाळीसच्या वर्गात जवळपास तीन मुलं. माझ्या वर्गात ती तीन कुठली, असं मी आता दर जूनमध्ये मनाशी म्हणते.

बंद दार आणि ते उघडण्याच्या वेळा

मुलाने सांगितलेलं मानसशास्त्रज्ञ मुख्याध्यापकांना सांगत नाही, आईवडिलांनाही सगळं सांगत नाही. पुष्कळ पालकांना हे रुचत नाही. "माझं पोर आणि मलाच कळू नये?" पण सांगितलेलं घरी पोचतं असं एकदा शाळेत पसरलं की दुसरं मूल येतच नाही. याला अपवाद आहेत, आणि चांगला माणूस ते पहिल्याच भेटीत मुलाला सांगून टाकतो. मुलाच्या जिवाला धोका असेल, त्याच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर गप्प बसता येत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणं हाच गुन्हा. हे शिक्षकालाही लागू आहे, "शाळेचं नाव खराब होईल" म्हणणाऱ्या संस्थेलाही.

जिवाच्या धोक्याबद्दल एक भीती सगळ्यांच्या मनात असते: विचारलं तर पोराच्या डोक्यात नको ते भरेल. तसं होत नाही. "तुला मरावंसं वाटतं का?" असं शांतपणे, सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. उत्तर "हो" आलं तर रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, एकटं सोडायचं नाही, घरातलं कीटकनाशक आणि औषधं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शेतकरी घरांत फवारणीचा डबा दाराआड उघडाच असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असं मानायला सांगितलं आहे, तेव्हा पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

एसएसएलसीचा निकाल ही आपल्याकडची ठरलेली धोक्याची वेळ. 625 पैकी किती, हा आकडा गल्लीभर फिरतो. कर्नाटकात 2024 पासून एसएसएलसीच्या वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात आणि त्यातले चांगले गुण धरले जातात. हे गावाकडच्या कितीतरी पालकांना अजून ठाऊक नाही. निकालाच्या दिवशी नापास झालेल्या पोराला ही एक गोष्ट कुणी तरी समोर बसून सांगायला हवी, आणि ती रात्र त्याला एकट्याला झोपू देऊ नये.

आपल्याकडे आहे काय, नाही काय

खरं सांगायचं तर खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या साध्या मराठी शाळांत स्वतःचा मानसशास्त्रज्ञ असणं ही फार दूरची गोष्ट आहे. अमेरिकेतली शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना 500 मुलांमागे एक असावा म्हणते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं असं सांगितलं आहे. जंगलातल्या वाडीवरच्या शाळेत पंधरा पोरं असतात, तिथं स्वतंत्र माणूस मिळणार नाही हे मलाही कळतं. पण आसपासच्या आठ-दहा शाळांनी मिळून एक माणूस घ्यावा, वार ठरवावेत, हे जमण्यासारखं आहे असं माझं ठाम मत आहे.

तोवर जे आहे ते वापरू. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेला, चोवीस तास, फुकट. फोन लागल्यावर भाषा निवडता येते, मराठी मागा. मुलावर संकट असेल तर 1098. बेळगावात जिल्हा इस्पितळ आहे, शेजारी धारवाडात डिमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आता देशभर चालतो, तो 1996 साली सुरू झाला. त्याचा नमुना आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीत आधी तयार झाला होता. कुणी देवस्थानाला जात असेल तर जाऊ दे, यल्लम्माला नवस बोलायचा असेल तर बोलू दे. मी कुणाची श्रद्धा मोडत नाही. डॉक्टरकडे जाणं तेवढं त्यासाठी लांबवू नका.

आणि खोलीचं बघा. आमच्या मॅडम बसायच्या ती खेळाच्या सामानाची खोली होती. एका कोपऱ्यात लेझमांचा ढीग, दाराला कडी नाही, आणि खिडकीतून सगळं पटांगण आत डोकावणारं. ती आठवीतली मुलगी पहिल्या दिवशी बराच वेळ गप्प होती, कारण खिडकीला तिच्याच वर्गातली चार पोरं लटकलेली. मॅडमनी उठून आपली ओढणी खिडकीला लावली, तेव्हा कुठं ती चिंचोके हातात घ्यायला तयार झाली. शाळा सुधारणा समितीच्या येत्या बैठकीला जाणार असाल तर ताबडतोब मिळण्यासारखी एक गोष्ट मागा: लोटता येईल असं दार, पडदा असलेली खिडकी आणि दोन खुर्च्या.